सुंभ जळतो, पीळ उरतो

निवडणुकीचा निकाल लागला, एखादे सरकार गडगडले किंवा एखाद्या बड्या नेत्याला घरी बसावे लागले की आपल्या सुशिक्षित वर्तुळात एक कविता हमखास बाहेर निघते : शेलीची ‘ओझिमँडियस’. वाळवंटात पडलेला भग्न पुतळा, चौथऱ्यावर कोरलेली राजाची दर्पोक्ती आणि चहूकडे नुसती वाळू. सुनीत चौदा ओळींचे, त्यामुळे सांगायला सोपे. अर्थ उघड, त्यामुळे पटायला सोपे. अग्रलेखात, व्याख्यानमालेत, स्नेहसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ते येते आणि मागोमाग ठरलेला निष्कर्ष येतो. सत्ता क्षणभंगुर आहे, काळापुढे कोणाचे काही चालत नाही, कवींनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे. कालाय तस्मै नमः. श्रोते माना डोलावतात आणि चहाला उठतात.

माझी तक्रार कवितेविषयी नाही, तिच्या या वापराविषयी आहे. त्यामागे एक पूर्ण भूमिका आहे आणि ती मांडणारे काही खुळे नाहीत, म्हणून आधी ती नीट सांगतो. त्यांचे पहिले म्हणणे असे की सत्ता स्वतःच्या वजनानेच कोसळते, तिच्याशी झगडण्यात शक्ती घालवू नये, थोडे थांबावे. दुसरे असे की सत्तेने जे उभे केले ते निसर्ग हळूहळू परत घेतो. तिसरे असे की राजा जातो, कलावंत उरतो, तेव्हा कवीने कवितेत रमावे आणि राजकारणाच्या चिखलात उतरू नये. रोमँटिक कवितेचा संदेश तो हाच, असे ही मंडळी सांगतात आणि शेलीच्या पंगतीला केशवसुत, तांबे, यशवंत, कुसुमाग्रज या साऱ्यांना बसवतात.

ही तिन्ही विधाने मला अमान्य आहेत. त्यांचा पडताळा पाहायला इजिप्त गाठायची गरज नाही. शहाडपासून बदलापूरपर्यंतचा पंधरा-वीस किलोमीटरचा पट्टा त्यासाठी पुरेसा आहे. इथे शिलाहार होते, ते गेले. यादव आले, गेले. विजापूरचा अंमल होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १७८० मध्ये कल्याण इंग्रजांकडे गेले आणि १९४७ मध्ये इंग्रजही गेले. राजवटी येतात आणि जातात, हे इथल्या माणसाला कोणत्याही कवीने शिकवायला नको. प्रश्न पुढचा आहे. राजवट गेल्यावर मागे काय राहते, आणि जे राहते त्याचे काय करायचे?

सुरुवात खुद्द शेलीपासून करू, कारण साक्षीला त्यालाच उभे केले जाते. ‘ओझिमँडियस’ त्याने १८१७ च्या अखेरीस लिहिली, होरेस स्मिथ या मित्राशी लागलेल्या चुरशीतून. ११ जानेवारी १८१८ रोजी ती लंडनच्या ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात टोपणनावाने छापून आली. त्याआधी अडीच वर्षे, जून १८१५ मध्ये, वॉटर्लूला नेपोलियनचा निकाल लागला होता. युरोपातला सर्वांत मोठा सत्ताधीश सेंट हेलेना बेटावर दिवस मोजत होता. क्षणभंगुरतेचा याहून ठसठशीत पुरावा कोणता हवा? पण त्याच्या पडण्याने झाले काय, तर हुसकून लावलेले जुने राजे वाजतगाजत आपापल्या गाद्यांवर परतले. इंग्लंडात त्याच १८१५ साली जमीनदारांसाठी धान्याचे भाव चढे ठेवणारा कायदा झाला. मताधिकार होता तसा मूठभरांकडेच राहिला.

शेली हे उघड्या डोळ्यांनी पाहत होता. १८१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका सुनीताचा विषयच मुळी बोनापार्टचे पतन हा आहे. पडलेल्या हुकूमशहावर तो त्यात तुटून पडतो, पण टाळ्या पिटत नाही. एका माणसाच्या आधीपासून असलेले आणि त्याच्यामागेही शिल्लक राहणारे शत्रू त्याला समोर दिसतात : रूढी, कायद्याचा बुरखा घेतलेला अन्याय आणि धर्माच्या नावाने चालणारे रक्तपात. तेही सुनीतच आहे, म्हणजे पाठ करायला तितकेच सोपे. तरी भाषणात ते सहसा येत नाही, कारण त्यातून दिलासा मिळत नाही. त्यातून काम मिळते.

‘ओझिमँडियस’ हे रामसेस दुसरा या फॅरोचे ग्रीकांनी केलेले नाव. हा राजा सुमारे ६६ वर्षे गादीवर होता. त्याच्या राज्यारोहणाच्या वर्षी जन्मलेला थीब्जचा एखादा पाथरवट याच राजासाठी दगड फोडत म्हातारा झाला असणार आणि बहुधा याच्याच राज्यात मेला असणार. तीन हजार वर्षांनी पुतळा वाळूत लोळणार आहे, ही खबर त्या पाथरवटाच्या काय कामाची? सत्ता क्षणभंगुर असते ती इतिहासकाराच्या घड्याळात. जो तिच्याखाली जगतो त्याच्या घड्याळात ती जन्मभर पुरते. ‘थांबा, जाईल’ हा सल्ला देणारा माणूस बहुधा त्या सत्तेखाली फारसा दबलेला नसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि वाळू तरी कुठे जिंकली? या कवितेमागे रामसेसच्या पुतळ्याचे जे प्रचंड शिर असल्याचे मानतात, ते बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाने १८१६ मध्ये इंग्रज वाणिज्यदूतासाठी थीब्जहून हलवले. गावचे मजूर लावून, लाकडी ओंडक्यांवरून ते नाईलच्या काठापर्यंत ओढत नेले. कविता छापली गेली तेव्हा ते लंडनला पोचलेही नव्हते. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका साम्राज्याचा दगड दुसऱ्या साम्राज्याने उचलून आपल्या दिवाणखान्यात मांडला, आणि दोन्ही वेळा ओढायला मजूर इजिप्तचेच होते.

आता घराजवळ येऊ. अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठावर आहे. भूमिज शैलीचे, अंगाखांद्यावर शिल्पे वागवणारे, गाभारा जमिनीच्या खाली असलेले हे देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचे. छित्तराजाच्या काळात त्याचा आरंभ झाला आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरे झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात राजाच्या पदव्या येतात, मग अमात्य, सांधिविग्रहिक वगैरे अधिकाऱ्यांची नावे येतात. ज्यांनी हा दगड घडवला त्या पाथरवटांची यादी मात्र नाही. अक्षरे इतकी झिजली आहेत की भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचे दाखवून दिले. राजाने दगडात कोरून ठेवलेल्या सालात दोनशे वर्षांचा घोळ! भाषणाला याहून बरे उदाहरण मिळणार नाही आणि त्यासाठी इजिप्तचा व्हिसाही लागत नाही.

पण उदाहरण इथेच सोडले तर फसगत होते. शिलाहारांचे ताम्रपट वाचून पाहा. जमीन दान दिल्याचा तपशील संपला की शेवटी नेमाने काही श्लोक येतात. त्यांचा आशय असा, की आजवर अनेक राजांनी ही पृथ्वी भोगली, जमीन ज्याची ज्या काळी त्याला त्या काळी तिचे फळ, तेव्हा पुढे येणाऱ्या राजांनी हे दान पाळावे. पुन्हा वाचा. सत्ता क्षणभंगुर आहे हे गुपित कवीने राजाला ऐकवलेले नाही. खुद्द राजाच्या कारकुनाने ते खरेदीखताच्या ठरीव मजकुरासारखे प्रत्येक दानपत्राच्या तळाशी लिहून ठेवले आहे. आणि लिहिले ते वैराग्यापोटी नव्हे. मी जाईन, माझा वंश जाईल, पण मी बसवलेली घडी पुढच्याने मोडू नये, यासाठी. श्लोकाने भागले नाही तर कोकणात गद्धेगाळ उभे आहेत. वर चंद्रसूर्य, मधे लेख आणि खाली दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी कोरलेला दगड. चंद्रसूर्य असेतोवर टिकावे म्हणून राजा स्वतःच्या मर्त्यपणाचाच दाखला देत होता.

म्हणजे सत्तेची नश्वरता ही सत्तेविरुद्धची साक्ष आहे, हे गृहीतच डळमळीत आहे. राजांना ती पक्की ठाऊक होती आणि त्यांनी ती व्यवस्था टिकवण्यासाठी वापरली. सुमारे १२६५ साली शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी समुद्रावर लढताना बुडाला. राजवंश संपला. जमीन कोणी कसायची, धान्य कोणी मोजून घ्यायचे, कोणी कोणाच्या दाराबाहेर उभे राहायचे, हे त्याच्याबरोबर बुडाले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण अडेलतट्टू माणसासाठी वापरतो. ती सत्तेला जास्त लागू पडते.

उल्हासनगरात हा पीळ अजून बोटाला लागतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी उभारली, तिच्या बराकी दोन हजारांहून अधिक होत्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली, साम्राज्य आवरते झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसे त्या रिकाम्या बराकींत आणून वसवली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. ज्या पदाच्या अधिकाराने ही कोनशिला बसली ते गव्हर्नर जनरलपदच सहा महिन्यांच्या आत, २६ जानेवारी १९५० रोजी, कायमचे संपले. शेलीभक्तांनी इथे टाळी वाजवायला हरकत नाही.

पण टाळी वाजवून झाल्यावर उल्हासनगरातला कोणताही पत्ता वाचा. कॅम्प नंबर अमुक, सेक्शन तमुक, बराक नंबर इतका. पाऊण शतक उलटले. बराकी पाडून त्या जागी इमारती चढल्या, काही इमारती पडल्याही. साम्राज्याचा झेंडा कुठल्या कुठे गेला, त्याच्या छावणीचे नंबर मात्र पोस्टमनच्या तोंडी आहेत. आधी सैनिक मोजण्यासाठी आखलेल्या चौकटीत मग निर्वासित मोजले गेले. जमिनीच्या सनदेसाठी पिढ्या कचेरीचे जिने चढल्या. अनधिकृत बांधकामांचा गुंता इतका वाढला की राज्य सरकारला २००६ मध्ये एकट्या उल्हासनगरासाठी ती बांधकामे नियमित करण्याचा वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर मंत्रालयात कितीतरी मुख्यमंत्री बदलले. यातल्या प्रत्येकाची सत्ता क्षणभंगुर होती, शंकाच नाही. ज्याच्या घराचा कागद अडकला त्याचा कागद त्या क्षणभंगुरतेने सोडवला नाही.

सत्ता म्हणजे फक्त मंत्रालय असेही नाही. शहाडला उतरले की सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे, बिर्लांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ आहे आणि पलीकडे उल्हास नदी आहे. पुढच्या आंबिवली स्थानकाजवळ मोहोन्याला एनआरसीचा कारखाना होता. या कारखान्यांच्या भोंग्यांवर इथल्या घरांची घड्याळे लागत. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, गावाकडचे घर, सगळे त्या दरवाजावर ठरायचे. राजा म्हणावा तर तोच. २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले. एवढा मोठा कारखाना, एवढी मोठी वसाहत, सगळे थंड. इथेही कोणी ‘ओझिमँडियस’ म्हणू शकेल. पण कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकली, आणि ती मिळावीत म्हणून दारात बसलेल्या माणसाला काळाच्या महिम्याचे काय करायचे होते? त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हवी होती. ती काळ देत नाही. युनियन, वकील आणि न्यायाधिकरण यांच्यामागे लागून ती मिळवावी लागते.

आता दुसरे विधान. निसर्ग शेवटी सगळे परत घेतो, असे सांगतात. शेलीच्या वाळवंटात वाळू पसरते, आपल्या लेखांत पिंपळ भिंत फोडून उगवतो. या कल्पनेत एक सुखद आळस आहे, कारण तीत आपल्याला काहीच करावे लागत नाही. अंबरनाथच्या देवळामागे जाऊन वालधुनी पाहा. शिलाहारांनी जिच्या काठी देऊळ बांधले, ती ही नदी. कारखान्यांचे रसायन आणि शहरांचे सांडपाणी तिच्यात इतके उतरले की लोक तिला नदी म्हणायचे सोडून नाला म्हणू लागले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातले शेकडो लोक गुदमरले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. इथे निसर्गाने सत्तेवर मात केलेली नाही. सत्तेच्या आणि पैशाच्या डोळेझाकीने निसर्ग आडवा केला आहे. परवाना देणारा अधिकारी निवृत्त होईल, नगरसेवक बदलेल, कारखाना बंद पडेल, गाळातले विष तिथेच असेल. प्रदूषणाचा हा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला तेव्हा कुठे महापालिका, नगरपालिका आणि कारखानदार यांना उत्तर द्यावे लागले. ते काम अर्जाने झाले, पिंपळाच्या रोपाने नव्हे.

तिसरे विधान सर्वांत लाडके : राजा जातो, कवी उरतो. इथे मराठी रोमँटिक कवितेचाच दाखला देतो. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते. यशवंत बडोद्याचे राजकवी झाले आणि प्रतापसिंहराव गायकवाडांच्या राज्यारोहणावर त्यांनी ‘काव्यकिरीट’ लिहिले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. किरीटही गेला आणि ‘काव्यकिरीट’ही विस्मरणात गेले. आज ते वाचणारा माणूस शोधावा लागेल. त्याच यशवंतांची ‘आई’ ही कविता मात्र पिढ्यानपिढ्यांनी शाळेत म्हटली आणि घरी डोळे पुसले. कवी एकच, लेखणी एकच. मग ‘कला उरते’ या वाक्याचा अर्थ काय? कला आपोआप उरत नाही. जी लोकांनी आपली मानली आणि तोंडात ठेवली ती उरते. अंबरनाथचे देऊळही केवळ शिल्पे सुंदर म्हणून उभे राहिलेले नाही. राजवंश बुडाल्यावरही तिथे दिवा लावणारे हात होते, महाशिवरात्रीला येणारे पाय होते, आणि पुढे पुरातत्त्व खात्याचा कायदा आला. टिकणे हेही कोणीतरी केलेले काम असते.

तांब्यांच्या मावळत्या सूर्यावरच्या कवितेचाही असाच गैरवापर होतो. पदावरून उतरलेल्या नेत्याच्या निरोप समारंभात ती हटकून गायली जाते. पण नीट वाचले तर तिच्यात सूर्याच्या मावळण्याचे फारसे नवल नाही. उगवत्याला नमस्कार घालून मावळत्याकडे पाठ फिरवणाऱ्या लोकांवर तिचा रोख आहे. म्हणजे सभागृहात बसलेल्या आपल्यावर. सत्तेच्या क्षणभंगुरतेइतकीच आपल्या निष्ठेची क्षणभंगुरता कवीला बोचते, आणि ती गोष्ट आपण टाळ्यांत बुडवतो.

राहिला प्रश्न कवीने चिखलात उतरावे की नाही. कविता निरुपद्रवी असते हे साहित्यिकांना वाटते, सत्तेला कधीच वाटलेले नाही. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र सभेवर घोडदळ घातले गेले. इटलीत बसलेल्या शेलीने त्यावर ‘द मास्क ऑफ अनार्की’ लिहून ली हंटकडे पाठवली. हंट काही भेकड नव्हता, युवराजाची बदनामी केली म्हणून दोन वर्षे तुरुंगात काढलेला संपादक होता. त्यालाही ती छापायचे धाडस झाले नाही. ती १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा शेलीला जाऊन दहा वर्षे झाली होती. नाशिकचे कवी गोविंद दोन्ही पायांनी अधू होते. त्यांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांच्या एका चोपड्याबद्दल अंदमान! जे साम्राज्य ‘काळच सर्वांना नेतो’ असे म्हणणाऱ्या सुभाषितांकडे ढुंकून पाहत नव्हते, ते ‘उठा’ म्हणणाऱ्या कवितेला इतके घाबरले. सत्तेचे वाचन आपल्या सभाध्यक्षांपेक्षा चोख होते.

केशवसुतांनी ‘तुतारी’ लिहिली १८९३ मध्ये, इंग्रजी अंमल अगदी माध्यान्ही असताना. हा सूर्य कधीतरी मावळेल, तोवर झाडाखाली बसू, असे तिच्यात कुठेही नाही. जुन्याचा अंत तिलाही हवा आहे, पण तो कोणीतरी करायचा आहे आणि त्यासाठी फुंकायला वाद्य हवे आहे. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’त, १९४२ मध्ये, ‘आगगाडी आणि जमीन’ आहे. रुळांलगत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती आवर्जून वाचावी. मस्तवाल आगगाडी जमिनीला तुडवत धावते, जमिनीची विनवणी तिच्या कानावर जात नाही, आणि शेवटी पूल कोसळून गाडीचे तुकडे होतात. ते डबे गंजून, कालांतराने, वाळूत गडप झालेले नाहीत. तुडवलेल्या जमिनीने सूड घेतला आहे. सत्तेच्या पतनाची मराठीतली ही एक मोठी कविता, आणि तिच्यात काळाला काही कामच नाही. तरी निकालाच्या दिवशी ती कोणाला आठवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मग काय कवितेने मोर्चाची घोषणा व्हायचे? सांत्वन हा कवितेचा धर्मच नाही का? आहे. आणीबाणीत, परागंदा असताना, पराभवानंतर ‘हेही जाईल’ ही जाणीव माणसाला उभे ठेवते, आणि ती देणाऱ्या ओळीचे मोल मी नाकारत नाही. पण सांत्वन दोन तऱ्हेचे असते. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून शाह अब्दुल लतीफ यांची मारुई आली, ती दुसऱ्या तऱ्हेची आहे. अमरकोटचा राजा उमर तिला पळवून नेतो, महाल देतो, दागिने देतो, राणीपद देऊ करतो. मलीरच्या गोपालकांची ही पोर आपली जाडीभरडी ओढणी सोडत नाही. उमरच्या राज्याचा अंत होईपर्यंत ती थांबून राहत नाही, त्याच्या भरभराटीतच नकार देते, आणि अखेर राजालाच तिला सोडावे लागते. सिंध गमावून बराकीत आलेल्या माणसांनी ही कथा जपली. ‘सत्ता जाईल’ या वाक्यापेक्षा ‘मी घेणार नाही’ हे वाक्य त्यांना जास्त उपयोगाचे होते.

म्हणून शिक्षकांना, वक्त्यांना आणि अग्रलेखकारांना माझे सांगणे आहे. ‘ओझिमँडियस’ जरूर शिकवा, पण एकटी शिकवू नका. तिच्या शेजारी बोनापार्टच्या पतनावरचे सुनीत ठेवा, ‘तुतारी’ ठेवा, ‘आगगाडी आणि जमीन’ ठेवा. मुलांची सहल अंबरनाथला न्या, शिलालेखातला मुम्मुणी दाखवा, आणि मग पाच मिनिटे वालधुनीच्या काठावर उभे करून विचारा की या पाण्याला परवानगी कोणाच्या सहीने मिळाली, आणि ती सही करणारा आज कुठे आहे. सत्ताधारी जातो हे खरे. तो जे ठेवून जातो त्याचा हिशेब मागण्याचे काम काळाने कधी केलेले नाही आणि पुढेही करणार नाही. ते तुम्हाआम्हालाच करावे लागेल, आणि तो खुर्चीवर असतानाच करावे लागेल.